साठ माणसं, बेचाळीस खुर्च्या

खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची, मान किंचित वाकवायची आणि विचारायचं, "इज एनीवन सिटिंग हिअर?" खुर्ची रिकामी असली तरी. आजूबाजूला चिटपाखरू नसलं तरी. उत्तराची क्षणभर वाट बघायची, मगच बसायचं. आमच्या ऑफिसात असं विचारून बसणारी एकच बाई होती. तिला सगळे अक्का म्हणायचे, वयानं तिच्याहून मोठे होते तेसुद्धा.

एकदा आम्ही ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या टेबलाशी गर्दी. अक्कानं एका फेटेवाल्या आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर बोटं टेकवली आणि सवयीनं इंग्रजीत विचारलं. आजोबांनी वर पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "बस की माय. लगीन काय इंग्रजाचं न्हाय."

अक्का त्या दिवशी खळखळून हसली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिचं असं हसणं मी मोजून दोनदा पाहिलं.

आमचं ऑफिस सोलापुरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. कुठल्या कुठल्या गावांहून विम्याचे फॉर्म स्कॅन होऊन यायचे आणि आम्ही ते पडद्यावर बघून संगणकात भरायचो. अक्का माझ्या शेजारी बसायची, खिडकीलगत. ती कुंभारीहून यायची, विडी कामगारांच्या घरांतून. घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि ऑफिसात वहीतलं इंग्रजी. तिची अम्मा विड्या वळायची, अम्माची अम्माही वळायची. अक्काही लग्नाआधी वळायची आणि लग्नानंतरही. नवरा गेल्यावर तिनं भवानी पेठेतल्या एका क्लासात टायपिंग शिकून घेतलं आणि चाळिशीला टेकल्यावर या नोकरीला लागली.

तुम्ही विडी वळणारी बाई पाहिली असेल. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकाच मांडीवर बसायचं. अक्का ठेंगणी होती, ऑफिसच्या खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. मी म्हणाले, खुर्ची खाली करून देते. तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे गं. पाय लोंबतात ना, तेच तर सुख हाय."

मग पडद्याकडे बघत, जणू फॉर्मच वाचतेय अशा आवाजात म्हणाली, "आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. थोरली माझ्यानंतर बसंल. तिच्या मांडीवर सूप येऊ देणार न्हाई मी."

थोरली म्हणजे तिची मुलगी, बारावीला होती. नर्सिंगला जायचं म्हणत होती.

अक्काकडे एक शंभर पानी वही होती. तिच्यात ऑफिसातल्या जागेची इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिलेली आणि खाली मराठी. माझं टेबल खिडकीशेजारी आहे. तुमची जागा जिन्यासमोर आहे का? जरा सरकता का? ती वाक्यं ती बसमध्ये पाठ करायची. "कुड यू शिफ्ट अ लिटल म्हटलं की कंडक्टरसुदिक सरकतोय बघ," ती सांगायची. "मराठीत म्हटलं की म्हणतोय, मावशी, बस काय तुमच्या बापाची हाय का?"

कंपनीनं एकदा ऑफिस इंग्लिशचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, प्रत्येकानं आपल्या कामाच्या जागेचं वर्णन करा. अक्का उभी राहिली. "माय डेस्क इज नेक्स्ट टू द विंडो. माय चेअर हॅज व्हील्स." मग थोडं थांबली आणि वहीत नसलेलं वाक्य बोलली, "माय मदर हॅज नो चेअर."

"व्हेरी गुड. नेक्स्ट," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात काम वाढलं आणि नवीन माणसं आली. खुर्च्या आल्या नाहीत. माणसं झाली साठ, खुर्च्या बेचाळीसच. मॅनेजर पुण्याहून आलेला तरुण होता, बोलायला गोड. त्यानं सगळ्यांना उभं करून जाहीर केलं, "आजपासून कुणाची ठरलेली जागा नाही. हॉट डेस्क. जगभर असंच असतं." ज्याला जागा मिळेल त्यानं काम करायचं. मिळणार नाही त्यानं बाहेर पॅसेजमधल्या बाकावर थांबायचं. आणि महिन्यात किमान वीस दिवस सीटवर हजेरी नसेल, तर पुढचा करार नाही.

या शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अठरा माणसांना रोज दाराबाहेर ठेवायचं आणि महिनाअखेर तुम्हीच कमी पडलात म्हणायचं, याला गोड आवाजात काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही कधी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली असेल, तर पुढचं समजावून सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अक्का कुंभारीहून पहिल्या बसनं आली. वॉचमननं दार उघडलं तशी खिडकीजवळच्या खुर्चीवर आपला नॅपकीन टाकला आणि खाली चहा प्यायला गेली. तिची जागा धरली गेली. त्याच्या पुढच्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तर खुर्चीखुर्चीवर काहीतरी. रुमाल, ओढण्या, डब्याची झाकणं, एक हेल्मेट. एका खुर्चीवर एकच चप्पल होती. मालक दुसरी घालून बाहेर लंगडत चहा पीत होता.

मॅनेजरनं ते सगळं एका खोक्यात गोळा केलं आणि पाटी लावली, सामान ठेवून जागा अडवू नये. आठवड्याभरात ॲप आलं. संध्याकाळी पाचच्या ठोक्याला दुसऱ्या दिवशीच्या सीट त्याच्यावर खुल्या व्हायच्या आणि तीन-चार मिनिटांत संपायच्या. अक्काचा फोन जुना. त्याच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं आणि तोवर सीट गेलेल्या असायच्या. मग मी माझ्या फोनवरून आधी माझी सीट धरायची आणि लगेच तिची.

"झाली का गं?"

"झाली."

"खिडकीची?"

"खिडकीची."

हे रोजचं. पाच वाजून पाच मिनिटांनी ती असा श्वास सोडायची, जणू दिवस आत्ता संपला.

माझे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावरही त्यांच्या खिशात पत्रकं असायची. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवलेली. मला हे सीट धरणं लाजिरवाणं वाटायचं. मी पत्रक लिहिलं. मागणी एकच, माणूस तिथं खुर्ची. मला धरून साठातल्या सात जणांनी सही केली. अक्कानं कागद वाचला, दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

"चांगलं लिवलंय. पण मला न्हाई जमणार पोरी. सही केली की पहिली मी बाहेर."

मी कागद घेतला. पण मनात नोंद केली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माणसांच्या नोंदी फार झटपट करायची.

तेवढ्यात बातमी आली की ज्यांचं काम आम्ही करतो, त्या कंपनीचे मोठे साहेब पाहणीला येणार. त्यांच्या नियमात प्रत्येकाला स्वतंत्र जागा हवी असं होतं म्हणे. मला वाटलं, हीच वेळ. पण मॅनेजरनं त्या दिवशी फक्त बेचाळीस जणांना बोलावलं आणि सही करणारे सातही जण त्यातून वगळले. अक्काला मात्र बोलावलं. तिचं काम बिनचूक असायचं आणि ती इंग्रजीत बोलायची.

आदल्या दिवशी बस थांब्यावर मी तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. वुई डू नॉट हॅव इनफ चेअर्स, सर. तिनं ते वहीत लिहिलं. चार-पाच वेळा म्हणून दाखवलं.

"नक्की म्हणणार ना, अक्का?"

"विचारलं तर म्हणते की."

पाहणी झाली. संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. ऑफिस ओळखू येत नव्हतं. कुंड्या, ताजी फुलं आणि प्रत्येक टेबलावर त्या त्या माणसाच्या नावाची छापील पट्टी. साहेब खिडकीजवळ थांबले आणि अक्काला विचारलं, ही तुमची कायमची जागा आहे का? अक्कानं आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"येस सर," ती म्हणाली. "माय डेस्क. नेक्स्ट टू द विंडो."

साहेब हसले, पुढे गेले. व्हिडिओ संपला.

मी तो किती वेळा पाहिला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पट्ट्या गेल्या, कुंड्या भाड्याच्या होत्या त्याही गेल्या. पाच वाजता मी माझी सीट धरली आणि फोन पर्समध्ये टाकला. अक्काची धरली नाही.

सकाळी ती पॅसेजमध्ये उभी होती. "विसरलीस का गं?"

"हो," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी पुन्हा धरली नाही. दुसऱ्या सकाळी तिनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि वाटेतून बाजूला सरकली. तिसऱ्या, चौथ्या दिवशी मी काचेतून तिला बघत होते. कुणी जेवायला उठलं की ती आत यायची, खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची आणि विचारायची. शेजारचा मान न उचलता "येस" म्हणायचा. ती "थँक यू" म्हणून पुन्हा बाहेर जायची. मला वाटलं होतं, तिला थोडं कळू दे. काय कळू दे, ते मला आज सांगता येणार नाही.

पाचव्या दिवसापासून मी पुन्हा तिची सीट धरायला लागले. तिनं एक शब्द काढला नाही. महिनाअखेरीला यादी लागली. अक्काची हजेरी अठरा दिवस. दोन कमी.

मी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून भांडले. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीम आहे. मी काय करणार? तुमचे तेवीस आहेत ना?" सातांपैकी पाच जण माझ्याबरोबर उभे राहिले. ऐकायला छान वाटतं, पण काही झालं नाही. अक्का तेव्हा जिना उतरून गेलीही होती.

दोन महिन्यांनी मी कुंभारीला गेले. त्याआधी दोनदा बस थांब्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. एकासारखी एक घरं, विचारत विचारत पोचले. अक्का भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. मला बघून तिची बोटं थांबली नाहीत, पण चेहरा उजळला.

"ये की. चहा घेतीस?"

मी चटईवर बसले आणि बसल्या बसल्याच म्हणून टाकलं, "अक्का, ते चार दिवस मी विसरले नव्हते."

"माहीत हाय की."

"मग बोलली का नाहीस? मला शिव्या का नाही दिल्यास?"

तिनं विडीला दोरा गुंडाळला, टोक दुमडलं, बाजूच्या ढिगात टाकली. "सीट तूच देत होतीस. देणाऱ्यानं हात आखडला तर भांडायचं कशावर?"

मग ज्यासाठी मी आले नव्हते तेही विचारलं. "साहेबांना खरं का नाही सांगितलंस?"

या वेळी तिची बोटं थांबली.

"नाव लिवलं होतं गं त्याच्यावर. माझं. छापलेलं. वाक्य पाठ होतं मला, तोंडात होतं. पण त्या नावासमोर बसून कसं म्हणू, हे माझं न्हाई म्हणून?"

चहा आला. थोरलीनं आणला. कप माझ्यासमोर ठेवून ती परत आपल्या जागी गेली. तोवर मला वाटत होतं, ती दारात अभ्यासाला बसलीय. नर्सिंगचं मी विचारणार होते.

त्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो फक्त दारातून, चटईच्या एका कोपऱ्यावर. घरातली सगळ्यात चांगली जागा तीच होती. अक्का भिंतीशी, अंधारात बसली होती. दारातल्या उजेडात थोरली बसली, पाय मुडपून घेतले आणि कोवळ्या हातांनी दुसरं सूप मांडीवर ओढलं.