फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

मैत्रिणींनो, घाईघाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझं वजन बरंच जास्त आहे. आईसारखा मधुमेह मलाही होईल या भीतीने मी तीन महिन्यांपूर्वी एका हॉस्पिटलमधल्या संशोधन-अभ्यासात नाव दिलं. रोज व्यायाम करायचा आणि त्याने पोटातले जिवाणू आणि रक्तातली साखर बदलते का, ते तिथले लोक बघणार. आज शौचाचा शेवटचा नमुना द्यायचा होता. शांती नगरहून रिक्षाने निघाले, डबी मांडीवर घट्ट धरून.

तिथे वरच्या मजल्यावर भरायला दिलेल्या फॉर्मवर प्रश्न होता, मधल्या काळात अँटिबायोटिक घेतलं का? मी ‘नाही’ लिहिलं.

साफ खोटं. गेल्या आठवड्यात घसा दुखत होता, तेव्हा आईने घरात उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. खरं लिहिलं तर तीन महिने फुकट जातील, याचीच भीती वाटली.

नमुना देऊन जिन्यापर्यंत आले आणि थांबले. माझ्या खोट्यामुळे दुसऱ्या कुणाला चुकीचा सल्ला मिळाला तर? परत आत गेले आणि रडतरडत खरं काय ते सांगितलं.

नमुना घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? मारणार आहे का मी तुला?" मग हळूच म्हणाल्या, "हा नमुना अभ्यासात धरता नाही येणार. त्या गोळ्यांनीच जिवाणू बदलतात. पण व्यायाम सोडू नकोस हं."

आता आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "काय गं, झालं ना नीट?"

सांगितलं तर ती स्वतःलाच दोष देत बसेल. नाही सांगितलं तर तेही खोटंच. तुम्ही काय केलं असतं? लवकर सांगा, ती इकडेच येतेय.