तांब्यातला मुरूम

जाफराबादकडच्या एका रस्त्यावर मी इंजिनिअर होते. खाली सगळी काळी माती, पावसात फुगणारी. तिच्यावर अंथरायला ठेकेदाराने जवळच्या टेकडीचा मुरूम आणला. "एक नंबर माल हाय, मॅडम!" दिसायला होताही दगडासारखा. मी त्यातला एक खडा पाण्याच्या तांब्यात टाकला आणि सगळ्यांना चहाला बसवलं. चहा संपेपर्यंत खड्याचा चिखल झाला.

"एवढं बारीक कोणी बघत न्हाई," ठेकेदार चिडला.

"मी बघते," म्हणून मी सगळे टिप्पर परत पाठवले. दुसऱ्या खाणीचा मुरूम आला, तेव्हाच रोलर फिरू दिला.

परवा, चार पावसाळ्यांनंतर, त्याच रस्त्याने एसटीतून गेले. शेजारची म्हातारी खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. ते डोकं एकदाही आपटलं नाही.