वाढत्या अंगाच्या स्कीज

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी साडेसहाला मी श्रूजबरीतल्या आमच्या घरापुढे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. माझी पंधरा वर्षांची मुलगी इरा आत बसून हीटरची ऊब घेत होती. डब्यात सहा थालीपिठं होती. काम एकच होतं: उत्तरेला शेजारच्या व्हरमाँट राज्यात जाऊन इरासाठी टेरेन पार्कच्या स्कीज घ्यायच्या.

टेरेन पार्क म्हणजे उतारावर मुद्दाम रचलेले बर्फाचे उंचवटे आणि लोखंडी रूळ. मुलं उंचवट्यांवरून उड्या मारतात, रुळांवरून आडवी घसरतात. मार्चअखेरीस शाळेच्या टीमची निवड होती. भाड्याच्या स्कीजवर ती निवडली जाणार नाही, असं इराचं म्हणणं. हातपाय धड राहिले म्हणजे झालं, असं माझं.

तीन तासांनी डोंगराच्या पायथ्याचं गाव आलं. एक पेट्रोलपंप, एक चर्च, एक मोटेल आणि डग नावाच्या म्हाताऱ्याचं स्कीजचं दुकान. सुट्ट्यांचा वीकेंड असूनही रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

डगने इराला भिंतीला टेकून उभं केलं आणि शेजारी स्कीजची एक जोडी धरली. पांढऱ्यावर लाल पट्टा, टोक तिच्या नाकापर्यंत.

"पार्कसाठी ह्याच," तो म्हणाला. "दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे उलटंही जाता येतं. मधोमध मऊ. बूट अडकवायची जागा बरोबर मध्यावर. पायाखालच्या कडा मी थोड्या बोथट करून देतो, म्हणजे रुळात अडकणार नाहीत."

मला सगळं पटलं, लांबी सोडून. "एक साइज मोठी दाखवा," मी म्हटलं. "तिचं अंग वाढतंय."

"आई, स्टॉप," इरा पुटपुटली. "प्लीज."

"मॅडम, हा स्वेटर नाही," डग म्हणाला. "बाह्या दुमडता येत नाहीत."

पण मी आयुष्यभर वाढत्या अंगाचं घेत आले आहे. फ्रॉक, बूट, सायकल, सगळं. त्यात माझं कधी चुकलं नव्हतं. निळ्या, तिच्या डोक्याच्याही वर जाणाऱ्या स्कीज मी घेतल्या. डगने खांदे उडवले आणि लाल पट्ट्याची जोडी परत भिंतीला टांगली.

"यू नेव्हर लिसन," गाडीत इरा म्हणाली. मग तिने थालीपीठ मागितलं, तेव्हा मी विषय संपला असं धरलं.

दुपारी पार्क बरं चाललं होतं. मी खालच्या बाजूला जाळीच्या कुंपणापाशी उभी होते. हळदी रंगाच्या जाकिटामुळे इरा लांबूनही दिसायची. दोनदा ती उलटी उतरली. ह्याला हे लोक 'स्विच' (पाठ उताराकडे करून घसरणं) म्हणतात. तेव्हा मान वळवून खांद्यावरून खाली बघावं लागतं, हे तिने मला घरच्या हॉलमध्ये मोजे घालून अनेकदा दाखवलं होतं.

साडेतीनला धुकं उतरलं. आधी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या वरच्या खुर्च्या गेल्या, मग उंचवटे, मग समोरचं कुंपण. मुलं एकेक करून खाली येऊन निघून गेली. इरा आली नाही. वरून मात्र आवाज येत होता, लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. टण्. थांबून पुन्हा टण्. अजून रुळांवरच खेळतेय, असं मी समजले आणि मनात तिला झापलं.

मग धुक्यातून हळदी जाकीट आलं. उलटं, टाचा पुढे करून. आवाज अजिबात नाही. कोकणात लहानपणी आम्हाला सांगायचे, अनोळखी बाई दिसली की आधी पावलं बघ, उलटी आहेत का. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी नजर पावलांकडेच गेली. पांढऱ्यावर लाल पट्टा.

"इरा!"

तिने मान वळवली नाही. खालीही बघितलं नाही. तोंड सबंध वेळ वर, डोंगराकडे. माझ्यापासून चार हातांवरून ती सरकत गेली आणि खालच्या धुक्यात मिसळली.

मी तिच्या मागाने खाली निघाले. बर्फात दोन सरळ रेघा होत्या. असल्या स्कीजना पुढचं-मागचं टोक सारखंच, त्यामुळे माग वर गेलाय की खाली, कळत नव्हतं. लिफ्टपाशी रेघा संपल्या. तिथे कोणी नव्हतं. लिफ्टवरची बाई खुर्च्यांना कुलूप घालत होती.

"हळदी जाकीट, आत्ता आलेली मुलगी?" मी विचारलं.

"आत्ता कोणी आलं नाही. मी इथेच आहे."

"माझ्यासमोरून गेली."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. वरून पुन्हा आवाज आला. टण्.

"हे काय?" ती म्हणाली. "वर कोणी नसायला हवं."

तेव्हा माझ्या डोक्यात पट्टा आला. इराच्या स्कीज निळ्या होत्या.

बाईने बर्फावरची मोटरसायकल काढली आणि मी न विचारता तिच्या मागे बसले. दुसऱ्या उंचवट्याच्या कडेला, जाळीखाली, इरा होती. ओठ निळे, पाय वाकडा. उलटी उतरताना मागचं लांब टोक बर्फात रुतलं होतं. एक स्की पायातून निसटून खाली जाळीत अडकली होती. दुसरी काढून ती अर्धा तास शेजारच्या रुळावर आपटत होती.

"मी हाका मारल्या," ती म्हणाली. "तू खाली जात होतीस. आय कुड हिअर यू गोइंग अवे."

"तू माझ्यासमोरून गेली नाहीस?"

"आई, मी इथेच आहे."

मी माझं जाकीट तिच्या अंगावर घातलं. मोटेलमध्ये आम्ही उरलेली थालीपिठं गार खाल्ली. पाय मुरगळलाय, तीन आठवडे विश्रांती, असं पहाडावरच्या नर्सने सांगितलं होतं. निवडीपर्यंत जेमतेम बरा होईल. "माझं चुकलं," मी म्हटलं. इराने मान हलवली आणि माझ्या पानातलं लोणचं घेतलं.

रविवारी सकाळी नऊला मी निळ्या स्कीज घेऊन डगच्या दारात उभी होते. त्याने त्या परत घेतल्या. लाल पट्ट्याची जोडी कालच्याच खुंटीवर होती. तिच्या खाली फरशीवर पाण्याचं थारोळं होतं.

"छत गळतंय का?" मी विचारलं.

डगने वर बघितलं. छत कोरडं होतं. त्याने फडकं आणलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं, स्कीज टोकापासून टोकापर्यंत पुसल्या आणि इराशेजारी उभ्या धरल्या. ती भिंतीला धरून एका पायावर उभी होती. टोक बरोबर नाकापाशी आलं.

"पुढच्या वर्षी लहान होतील," इरा म्हणाली.

"होऊ देत," मी म्हटलं, आणि त्या गाडीत ठेवल्या.