उन्हाकडची खिडकी

सिंगापुरात बुकित पंजांगची एलआरटी ट्रेन नवी होती, तेव्हा तिच्यात एक बाई रोज उन्हाकडच्या खिडकीशी बसे आणि कादंबरी वाचताना एकटीच खिदळे. माझी लेक काळवंडेल म्हणून मी लेकीचं पोहणं बंद केलं होतं. एक दिवस लेक त्या बाईशेजारी उन्हात बसली, तेव्हा अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा इंग्रजीत लेकीला म्हणालो, "सावलीत बस, आणखी काळी पडशील!"

बाई आम्हा दोघांहून काळी होती, हे मला बोलून झाल्यावर दिसलं. तिनं हसत कादंबरी लेकीच्या मांडीवर ठेवली. "अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेनं तुझ्या वयाच्या मुलींसाठी लिहिलीय. यातली मुलगी माझ्या रंगाची आहे आणि कुणाला भीत नाही. वाचलीस की बाबांना दे."

शनिवारी लेकीनं भर उन्हात स्विमिंग पूलमध्ये सूर मारला. वर येऊन सिंगापुरी ढंगात ओरडली, "बाबा, तूच सावलीत बस, लाह!"

मी बसलो. त्या कादंबरीचं तिसरं प्रकरण चालू होतं आणि मीही एकटाच खिदळत होतो.