जनीची डॉक्टरीण

माझा भाऊ अनिल रोज सकाळी वेदिकाच्या दवाखान्यात येऊन बसतो. दारावरची पाटी पुसतो, पेशंटना खुर्ची देतो आणि कुणी विचारलं नसताना "डॉक्टर माझी मुलगी," असं सांगतो. मी तिची आत्या, निवृत्त शिक्षिका; नंबर लावायचं काम माझ्याकडे. अख्ख्या देवरूखला वाटतं, पोरीच्या शिकण्याचं सोनं झालं. मला मात्र ती पाटी बघवत नाही.

वेदिका दातांच्या कॉलेजात होती, तेव्हा तिच्या वर्गाला संशोधन म्हणजे मार्कांपुरतं पोस्टर. नेटवरचे फोटो चिकटवायचे, सर्टिफिकेट घ्यायचं, मोकळं व्हायचं. सर्वेश नावाचा तिचा मित्र तर हसायचा, "संशोधनाने कुणाचं पोट भरलंय? ब्रेसेस लाव, गाडी घे." खुळी निघाली ती आमचीच. शिबिराला म्हणून डोंगरातल्या एका वाडीत गेली आणि तिथल्या बायकांत अडकली.

दुपारची भांडी आटोपली की त्या बायका एका पडवीत बसून मिश्री लावतात. बाकीची मुलं "तंबाखू वाईट" एवढं सांगून परत जीपमध्ये बसली. ही पडवीतच बसली आणि मग दर रविवारी जाऊ लागली. कोण किती मिश्री लावते, कुणाच्या गालात पांढरा डाग आहे, मिश्री कमी केली तर तो मावळतो का, हे तिला बघायचं होतं. जनी त्यांच्यातली तोंडाळ. "आमच्या तोंडात काय बगतेस गो बाय? सोताला नवरा बग," म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी आ करायची. तिच्या गालातला डाग काही वेदिकाला बरा वाटला नव्हता. "मिश्री सोडा काकू. पावसानंतर मी येते. मीच बघणार," असं तिने बजावलं होतं.

कॉलेजातल्या मॅडमनी हेच काम पुढे न्यायला वेदिकाला पुण्यात जागा मिळवून दिली. अनिलने तोवर बाजारपेठेत गाळा घेऊन ठेवला होता. "संशोधनवालीला कोण डॉक्टर म्हणतं?" असं ओरडला आणि जेवायचा थांबला. बापाचं ते उपाशी तोंड बघून पोरगी नमली. गाळ्यात दातांची खुर्ची आली, रविवारीही पेशंट येऊ लागले आणि वाडीला जाणं सुटलं. वाडीतल्या आशा सेविकेला तिने फोन केला, सगळ्या बायकांना सिव्हिलला न्या म्हणून. सगळ्या गेल्या, जनी तेवढी गेली नाही.

ती आली शिमगा झाल्यावर, सुनेचा हात धरून. तोंड उघडतच नव्हतं, जेमतेम एक बोट आत शिरत होतं.

"काकू, सिव्हिलला का नाही गेलात?" वेदिकाने टॉर्च उचलत विचारलं.

"तू येनार व्हतीस ना," जनी अडखळत म्हणाली. "मंग दुसऱ्याला कशाला दाखवू? माजा डाग पयला कसा व्हता, ता त्याला काय म्हाईत?"

वेदिका स्वतः तिला रत्नागिरीला घेऊन गेली. पण कॅन्सर निघाला आणि फार उशीर झाला होता. भाताची लावणी व्हायच्या आत जनी गेली. एवढी तोंडाळ बाई, शेवटी तिला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. आठवलं की माझं काळीज तुटतं, आणि भावाचा रागही येतो.

परवा कॉलेजातल्या ईशा नावाच्या मुलीचा फोन आला. वेदिकाच्या हातात ग्लोव्ह्ज होते, म्हणून मी तो स्पीकरवर लावला.

"मॅडम, दातांच्या डॉक्टरांना संशोधन का नको असतं, यावर आमचा प्रोजेक्ट आहे. तुम्ही का सोडलंत? पगार कमी, घरचा विरोध, की आवड नाही?"

"मी जनीला सोडलं," वेदिका म्हणाली.

"कोण जनी? मॅडम, तीनपैकीच एक सांगा ना."

बाकावर अनिल मान खाली घालून बसला होता. हातातलं फडकं तो उगाचच पिळत होता. वेदिकाने त्याच्याकडे बघितलं.

"पगार लिही," ती म्हणाली.