प्रार्थनेआधी

माझी पत्नी गेल्यापासून खालच्या मजल्यावरचे गॅरेजवाले दर रविवारी जिन्यातूनच ओरडतात, "या की सर, जेवायला!" त्यांच्याकडे आधी सगळे एकमेकांचे हात धरून प्रार्थना करतात. परवा पानं वाढल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "मी चर्चला येणार न्हाय आता." ते त्याच्यावर खूप ओरडले. मुलाने खोलीत जाऊन कडी लावली. भात निवत चालला.

"घरात भांडण ठेवून देवाम्होरं कसं बसायचं, सर?" म्हणत ते उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "लई बोललो बाळा, चुकलं माझं. डोळं मिटू नगंस, नुसता बस की आमच्यात."

उठून घरी जावं, असं मला वाटू लागलं. शेवटी कडी निघाली.

प्रार्थना चालू असताना मी मुलाच्या हाताकडे पाहत होतो. वडिलांच्या काळपट मुठीत तो ताठ होता. पण त्याने तो सोडवून घेतला नाही.