भादरलेल्या सागाची साक्ष

प्रा. रंगराव सुतार यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जमिनीवर मांडी घालून बसलेले. सागाच्या ओंडक्यातील एकेक वर्षवलय ते पटाशीने सोलून निराळ्या पुडीत भरत होते. मी पुण्याहून नुकताच कोल्हापुरात रुजू झालो होतो. मान वर न करता ते म्हणाले, "या पावणं, शिंक आली तर तेवढी भाईर द्या. एक साल उडून जाईल." शास्त्राशी अशी सलगी मला रुचली नाही. 'पावणं' हे संबोधन मात्र मला आजतागायत चिकटले आहे.

त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त अघळपघळ स्तुती करणारे पुष्कळ भेटतील. मी अचूक तेवढेच लिहितो. झाड पावसाचे पाणी पिते आणि त्यातील ऑक्सिजन त्या वर्षीच्या लाकडात साठवते. ऑक्सिजनचा एक प्रकार वजनाने किंचित जड असतो. भरपूर पावसाच्या वर्षी तो लाकडात कमी आढळतो, अवर्षणात अधिक. येथे यंत्र नसताना, परगावच्या प्रयोगशाळेत पुड्या धाडून, रंगरावांनी या प्रमाणावरून जुना पाऊस वाचला. मी त्याच पावसासाठी वलयांची रुंदी मोजत असे. माझ्या लाकडाच्या चकत्या आरशासारख्या घासलेल्या असत. त्यांच्या टेबलावर भुसा आणि चहाचे कप. विद्यार्थी त्यांच्याच टेबलाभोवती जमत. याचे समाधानकारक कारण मला अद्याप सापडलेले नाही.

राधानगरीकडच्या एका सागात मला एक अतिशय अरुंद वलय आढळले. ते दुष्काळाचे वर्ष, असा निष्कर्ष मी काढला. माझा प्रबंध त्यावरच उभा होता. त्याच वलयाचा ऑक्सिजन मात्र मुबलक पाऊस सांगत होता. "तुमच्या पुड्यांची अदलाबदल झाली आहे," असे मी सर्वांसमक्ष सुनावले. दुसऱ्या दिवशी रंगरावांनी त्याच खोडाचा वरचा तुकडा फोडला. नेमक्या त्या वलयाशी फांद्या तोडल्याचे बुजलेले व्रण होते.

"पावणं, हे झाड उपाशी न्हाय, भादरलंय," ते म्हणाले. "भाताचा तरवा, म्हंजी रोपं, टाकायच्या आधी रान भाजाय फांद्या जाळत्यात, राब म्हणत्यात त्येला. आमची आई अशीच झाडं छाटायची. पालाच न्हाय, तर झाड वाढंल कसं? पाऊस पडलाच की!"

मी प्रबंध मागे घेण्याची भाषा केली.

"खुळं हाय का काय?" ते कडाडले. "रुंदी कुठं फसवती, ह्येच लिवा. तुमच्यागत नेटकं लिवणारा हाय कोण हितं?" आणि ऑक्सिजनची आपली सारी मोजमापे त्यांनी माझ्या हाती ठेवली. परीक्षकांनी नेमके तेच प्रकरण वाखाणले. माझ्या डॉक्टरेटचे पेढे नृसिंहवाडीहून आणून तेही रंगरावांनीच वाटले!

मला त्यांचा हेवा वाटतो. गौरवग्रंथात हे शिष्टसंमत नसेल. पण ते गाळणे अचूकतेला धरून होणार नाही. त्यांच्याजवळ माझ्यासारखी घासलेली चकती नव्हती, आणि माझ्याजवळ त्यांच्यासारखे काही देऊन मोकळे होणे नव्हते. यांपैकी पहिली उणीव शिकून भरून काढता येते.

रंगरावांना निरामय आणि उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या हातून एक तरी ठळक चूक व्हावी आणि ती मलाच सापडावी, एवढी माझी इच्छा आहे. आजवरचा अनुभव पाहता, त्यासाठी त्यांना शंभर वर्षे तरी जगावे लागेल.